गोळ्यामागचं अंतर

रोडपाली,
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय पूर्वी,

सगळ्यांत आधी एक वाक्य लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. सत्यजीत सुखरूप आहे. आत्ता तो बाबांना गुडघ्याच्या व्यायामासाठी घेऊन गेलाय. दोघं परत यायच्या आत जेवढं होईल तेवढं लिहायचं, उरलं तर उद्या, असं ठरवून बसलेय. पाकीट मितालीकडे देणार आहे. समोरच्या विंगमधली मिताली, तुमच्या लग्नात मेंदी काढायला आली होती ती. नवऱ्याकडे क्लीव्हलंडला निघालीय. व्हॉट्सअॅपवर लिहिता आलं असतं, पण माझा फोन जरा अडला की सत्यजीतच तो हातात घेतो. आणि फोनवर बोलायचं तर या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते तू राहून गेलीस, तुला माहीत आहे. शिवाय तोंडाने हे मला जमणार नाही. मधेच रडेन आणि तू माझी समजूत काढत बसशील. या वेळी ते नको.

मागच्या रविवारी समुद्रावर काय झालं ते त्याने तुला सांगितलेलं नाही. तुमचा फोन चालू होता तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "मस्त गेला दिवस, मासा मात्र सुटला," एवढंच तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. पण बाकीचं तुला कळायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं.

तो परतला त्या डिसेंबरपासूनच सुरुवात करते. नोकरी गेली, मुदतीत दुसरी मिळाली नाही, व्हिसा संपला. तुझं हॉस्पिटल, तुझा स्वतःचा व्हिसा. तू तिथे थांबणं शहाणपणाचंच होतं आणि हे मी तेव्हाही म्हटलं होतं. इथे आल्यावर तो घरात असा वावरायचा, जणू कुणाकडे चार दिवस उतरलाय आणि त्यांना आपला त्रास नको. कप स्वतः विसळायचा. दार आवाज न करता लावायचा. मी हाक मारली की "हो, आई" म्हणून लगेच उठायचा. पूर्वी, पोटच्या मुलाचा असा सभ्यपणा फार भीतीदायक असतो गं. त्याने एकदा तरी माझ्या आमटीला नावं ठेवावीत असं वाटायचं.

मग मार्चमधली ती संध्याकाळ. तुला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की त्याला बरं नव्हतं, बाबा आणि वॉचमन दयाराम त्याला गच्चीवरून खाली घेऊन आले. तू पुढे विचारलं नाहीस. तुला कळलं असणार. डॉक्टर, गोळ्या, पनवेलला जाऊन समुपदेशन करणाऱ्या बाईंशी बोलणं, सगळं सुरू झालं. त्याला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी सोडलं नाही. तो चालायला निघाला की मला नेमकी भाजी आणायची असायची. तो तळ्याकडे गेला की मला वारा खायचा असायचा. त्याला हे समजत नव्हतं असं नाही. पण तो काही बोलायचा नाही. मीही नाही.

सप्टेंबरात बाबांना ताजी कोलंबी हवी म्हणून दोघं करंजाच्या बंदरावर गेले. तिथे आनंदाची ओळख झाली. आनंदा पन्नाशीचा आहे, त्याची फायबरची छोटी होडी आहे आणि रविवारी तो हौशी लोकांना गळ टाकायला घेऊन जातो. फार बोलका माणूस. एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात फोन. सत्यजीतने त्याला सहज विचारलं की बाहेर पाणी किती खोल आहे, आणि दोघं तासभर बोलत राहिले. बाबा कोलंबीची पिशवी धरून उन्हात उभे. घरी आल्यावर सत्यजीतने पलंगाखालची दुसरी बॅग काढली. आल्यापासून ती उघडलीच नव्हती. मला वाटायचं त्यात तुझे काही फोटो असतील. निघाली ती दोन यंत्रं. डाऊनरिगर. एरीच्या तळ्यावर वॉलाय मासे पकडायला तुम्ही बोटीला लावायचात, तीच. विमानात एवढं तोललेलं वजन, आणि त्यात माझ्या मुलाने शिशाचे दोन गोळे आणले होते!

पुढच्या रविवारी तो होडीवर जाणार म्हणाला. मी म्हटलं, मीही येणार. बाबा हसायला लागले, "तुला पोहायला येत नाही, बसमध्ये मळमळतं, तू कुठे निघालीस?" मी म्हटलं, इतकी वर्षं पनवेलमध्ये काढली, समुद्र कधी नीट बघितला नाही. सत्यजीतने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "येऊ दे तिला."

पहिल्या रविवारी मी सगळा वेळ होडीच्या काठावर डोकं टेकून ओकत होते. दुसऱ्या रविवारी जरा बसता आलं. तिसऱ्या रविवारी त्याने माझ्या हातात रीळ दिलं, आणि तेव्हापासून मला ते काम येऊ लागलं. तुला हे सगळं माहीत असेल, तरी लिहिते, कारण त्या आठवड्यांत आमच्यात बोलणं झालं ते एवढंच. यंत्राच्या पोलादी तारेला गोळा टांगलेला. गोळ्याजवळ एक चिमटा. आधी खोटा मासा पाण्यात सोडायचा, पाहिजे तेवढी तंगूस, म्हणजे गळाची दोरी, मागे जाऊ द्यायची, मग ती चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली उतरवायचा. म्हणजे खोटा मासा गोळ्याच्या खोलीवर, पण गोळ्याच्या मागे तेवढ्या अंतरावर पोहत राहतो. खरा मासा लागला की चिमटा सुटतो. मी इतकी वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, दोऱ्याचा ताण माझ्या बोटांना कळतो. "ओढू नकोस आई, आणि झटकन सोडूही नकोस. पाणी नेतंय तेवढंच जाऊ दे," असं तो म्हणायचा.

सगळा वाद त्या अंतराचा. सत्यजीतने सुरुवातीला तुमच्या तळ्यासारखंच लावलं, लांबच लांब. तिथलं पाणी स्वच्छ, मासा गोळ्याला बिचकतो, म्हणून खोटा मासा दूर ठेवायचा. दोन रविवार काही लागलं नाही. आनंदा म्हणायचा, "दादा, हितं पानी गढूळ हाय. मासोलीला दिसाया तं पायजे!" मग सत्यजीतने अंतर कमी केलं, वीस फुटांवर आणलं, आणि एक छोटी सुरमई मिळाली. ऑक्टोबर संपताना बाहेरचं पाणी निवळायला लागलं तशी तो पुन्हा एकेक वाव, म्हणजे सहा-सहा फूट, वाढवू लागला. खोल गोळ्यामागे कमी, वरच्या गोळ्यामागे जास्त, म्हणजे वळताना दोन्ही दोऱ्या एकमेकींत जात नाहीत. साठ फूट म्हणजे पाण्यावर किती, हे मला नजरेने कळायला लागलं. त्याच्या कपाळावर विचाराच्या आठ्या दिसायला लागल्या, त्या बघून मला बरं वाटायचं. रिकाम्या कपाळापेक्षा आठ्या बऱ्या.

पण खरं सांगू? मी समुद्र कधी पाहिलाच नाही. मी त्याला पाहायचे. तो काठाच्या किती जवळ बसलाय, उठताना कशाला धरतो, पाण्याकडे बघताना त्याचा चेहरा कसा होतो. लाइफ जॅकेट तो घालायचा नाही. म्हणून मीही काढून ठेवलं. "आई, वेडेपणा करू नकोस," तो म्हणाला. "तू घाल, मग मी घालते," मी म्हटलं. त्या दिवसापासून तो घालायला लागला, पण माझ्यासाठी. असं घातलेलं जॅकेट कधीही निघू शकतं, हे मला कळत होतं. परतताना करंजाचा धक्का दिसला की मगच माझा श्वास मोकळा व्हायचा. सोमवारी सकाळपासून पुन्हा पुढच्या रविवारची धास्ती.

आता मागचा रविवार. वारा उत्तरेचा होता, नेहमीपेक्षा जास्त. आनंदा निघतानाच म्हणाला, "मावशी, आज जरा हलंल, पुढं धरून बसा." बरेच बाहेर गेलो. पाणी हिरवट, छान निवळलेलं. सत्यजीतने उजवा गोळा खोल सोडला, मागे वीस फूट. डावा वर, मागे साठ फूट. डावीकडचं रीळ माझ्याकडे. दहाच्या सुमाराला डावा चिमटा सुटला आणि गळाची काठी अशी वाकली की मी ओरडलेच. सत्यजीत उडी मारून आला, हात मोकळे हवेत म्हणून जॅकेट काढून टाकलं, काठी घेतली. मी ते जॅकेट माझ्या पायाशी पडलेलं पाहिलं. त्या क्षणी त्याला थांबवावंसं वाटलं नाही, कारण तो हसत होता. पूर्वी, तो मोठ्याने हसत होता.

मोठा मासा म्हणून आनंदाने होडी एकदम हळू केली. तिथेच घात झाला. होडी हळू झाली तसा उजवा गोळा आणखी खाली गेला आणि तळाशी कुणाच्या तरी तुटून पडलेल्या जाळ्यात रुतला. भरतीचं पाणी होडीला पुढे रेटतंय, आणि तारेने मागचा उजवा कोपरा धरून ठेवलाय. कोपरा खाली जायला लागला. पहिली लाट आत आली ती माझ्या मांडीपर्यंत. तार सैल व्हावी म्हणून आनंदाने इंजिन मागे घेतलं, तर डाव्या बाजूची लांब तंगूस पंख्यात गेली आणि इंजिन बंद पडलं. सगळं इतक्या झटपट झालं की कुणी कुणाला काही सांगायला वेळच मिळाला नाही.

सत्यजीतने काठी टाकली आणि त्या कोपऱ्यात गेला. यंत्राचा ब्रेक ताणाने अडकला होता, सुटेना. "आई, पुढे जा! एकदम पुढे, आणि खाली बस!" तो ओरडला. मी पुढे गेले नाही. पक्कड हत्यारांच्या पेटीत होती, ती मी गुडघ्यांवर सरकत जाऊन काढली आणि त्याच्या हातात दिली. तेव्हा कुठे गेले पुढे. तो काठावर ओणवा झाला, पाणी त्याच्या कोपरांवरून आत येत होतं. पोलादाची तार एका दाबात तुटत नाही. तो दाबतोय, आणखी दाबतोय, आनंदा घमेल्याने पाणी उपसतोय आणि देवाचं नाव घेतोय. मग तार तुटली. बुडालेला कोपरा एकदम वर उसळला, होडी दुसऱ्या अंगावर गेली, आणि माझ्यासमोर सत्यजीत नव्हता.

तो वर आला तो मागे, बऱ्यापैकी लांब. आमची होडी हलकी, वारा तिला ढकलत होता. इंजिन बंद. दर क्षणाला अंतर वाढत होतं. आनंदाने रिकाम्या कॅनला बांधलेला दोर फेकला. चांगला फेकला, पण सत्यजीत त्याच्यापर्यंत पोचायच्या आत होडी पुढे सरकली आणि ताणलेला दोर कॅनला त्याच्यापासून ओढत घेऊन आला. आनंदाने दोर गोळा केला, परत फेकणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. म्हटलं, हा पुरणार नाही. तो साठ फुटांच्या पलीकडे गेलाय, मला दिसतंय. नांगराचा दोर याला जोड, आधी जोड. "नांगर टाकू का, मावशी?" तो विचारत होता. मी म्हटलं, नको, आपण थांबलो तर भरती त्याला आणखी कुठे नेईल. जोड. त्याने जोडला. गाठ मी घट्ट केली.

त्याने दुसऱ्यांदा कॅन फेकला, आणि दोर मी माझ्याकडे घेतला. होडी जातेय तेवढा सोडत राहिले. ओढला नाही. त्यामुळे कॅन पाण्यात जिथे पडला तिथेच राहिला. आता सत्यजीतने फक्त पोहून तिथवर यायचं होतं. आणि पूर्वी, तो पोहत नव्हता. नुसता तरंगत होता. तोंड वर, हात पसरलेले, आमच्याकडे बघत. त्याला पोहता येतं, शाळेत असताना बक्षिसं मिळवलीत त्याने. मला गच्ची आठवली. मला वाटलं, आला तो क्षण. इतके रविवार मी ज्याच्यासाठी ओकत, भिजत इथे येत होते, तो हाच, आणि माझ्या हातात दोर असून उपयोग नाही. मी त्याला हाकसुद्धा मारली नाही. काय म्हणून मारणार होते? दोर माझ्या हातातून जात होता आणि संपत आला होता.

मग त्याने मान वळवली, कॅन पाहिला, आणि हात मारायला लागला. कसातरी नाही, जीव तोडून. एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली, पुन्हा वर आला, पुन्हा हात. कॅनला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली तेव्हा दोराचं टोक माझ्या मुठीत उरलं होतं. मी आणि आनंदाने त्याला ओढून घेतलं. तो होडीत पालथा पडला, खोकला, खारं पाणी ओकला. नंतर माझा घोटा धरून म्हणाला, "आई, पायात गोळा आला होता. हलताच येईना. मला वाटलं मी गेलो." आणि थोड्या वेळाने, खूप हळू, "मला नव्हतं जायचं."

आनंदाने पंख्यातली तंगूस सुरीने काढली, इंजिन चालू झालं. धक्क्यावर आनंदाच्या बायकोने आम्हाला कोरडे कपडे दिले, चहा दिला. सत्यजीतने तिची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, वर मागून खाल्ली. रिक्षात तो बोलायला लागला. गच्चीबद्दल. मी विचारलं नव्हतं. काय वाटत होतं, किती दिवस वाटत होतं, दयारामने हाक मारली तेव्हा राग कसा आला होता, सगळं. रिक्षावाला आरशातून बघत होता, आम्हाला त्याचं काही नव्हतं. उरणपासून रोडपालीपर्यंत तो बोलला. ते सगळं इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे, त्याला वाटलं तर तो सांगेल.

मंगळवारी त्या बाईंकडे तो एकटा गेला. मी भाजी आणायला निघाले नाही. खिडकीत उभी राहिले, कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघितलं आणि आत येऊन डाळ लावली. बुधवारी त्याने माझ्या आमटीला नावं ठेवली, मीठ जास्त झालंय म्हणाला. खरंच जास्त झालं होतं. बेलापूरच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलंय, ते होईल न होईल, पण शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. आणि काल जेवताना मला म्हणाला, "आई, पूर्वी हल्ली फोनवर शाळेतल्या बाईंसारखी का बोलते? सगळं जपून, सगळं गोड. माझ्यापासून काहीतरी लपवतेय का ती?" मी ताक वाढायला उठले.

म्हणून हे पत्र. एप्रिलमध्ये तुझा फोन आला होता, तो आंघोळीला गेला होता म्हणून मी उचलला. तू म्हणालीस, आई, मला या लग्नातून बाहेर पडायचंय, आज त्याला सांगणार आहे. मी तुझ्या पाया पडल्यासारखी बोलले. आत्ता नको, मी म्हणेन तेव्हा सांग, तोवर फोन करत राहा, असा शब्द घेतला तुझ्याकडून. तू एकही रविवार चुकवला नाहीस. तिकडे सकाळी उठून, काय मनात ठेवून, माझ्या मुलाशी सुरमईबद्दल बोलत राहिलीस. तुझं तिथे काय चाललंय, तुला कुणी भेटलंय का, रात्री झोप लागते का, हे मी एकदाही विचारलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं. बाबांना हे काल पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "पोरीने फार केलं आपल्यासाठी." पूर्वी, त्या शब्दातून मी तुला मोकळं करते. पत्र मिळालं की त्याला सांग. मी डॉक्टरांशी बोललेय, ते म्हणाले, खरं तेच सांगा, फक्त घरात माणसं असू द्या. आम्ही दोघं शेजारच्या खोलीत असू. तो रडेल, कदाचित तुला लागेल असं बोलेल, तू फोन ठेवलास तरी चालेल, पुढचं आमच्याकडे. मला त्यानंतर काय म्हणायचं ते तू ठरव. मी आपलं नुसतं नाव लिहिते.

तुझीच,
शशिकला